बाबांची सही बारीक होत गेली तेव्हा मेंदूत काय चाललं होतं

बँकेतल्या मुलीने बाबांचा पेन्शनचा फॉर्म तिसऱ्यांदा परत केला. सही जुळत नाही म्हणाली, आणि तिचं काही चुकत नव्हतं, कारण कार्डावर होती ती ऐसपैस टपोऱ्या अक्षरातली सही आणि समोरच्या कागदावर नुसती मुंग्यांची रांग, सुरुवातीला जरा ठीक आणि आडनावापर्यंत येईस्तोवर दिसेनाशी झालेली. बाबा गोव्यात फोंडा तालुक्यातल्या मराठी प्राथमिक शाळेत ३४ वर्षं मास्तर होते, गावातली अर्धी माणसं त्यांचं फळ्यावरचं अक्षर गिरवत लिहायला शिकली. आई म्हणाली हल्ली कशात मनच लावत नाहीत. शेजारी म्हणाले वय झालं. डावा खांदा आखडला होता त्याला फ्रोझन शोल्डर समजून आम्ही दोन महिने शेक दिला. चालताना डावा हात हलायचा नाही, आणि चेहरा असा गंभीर की कुणी भेटायला आलं तर त्याला वाटायचं मास्तर रागावलेत आपल्यावर. मीसुद्धा एकदा तिस्कावर रस्ता ओलांडताना चिडून बोलले होते, बाबा जरा भरभर चला ना. ते बोलणं मला अजून टोचतं.

मग बांबोळीच्या मेडिकल कॉलेजात न्यूरोलॉजीच्या ओपीडीत गेलो. डॉक्टरांनी अंगठा आणि बोट एकमेकांवर भराभर आपटायला सांगितलं, एक ओळ लिहून घेतली, पॅसेजमध्ये चालवून आणलं, मनगट हातात धरून फिरवून बघितलं, आणि दहा मिनिटांत म्हणाले, मास्तर, हा पार्किन्सन वाटतोय. एमआरआय काढला तो नॉर्मल आला. आईला आनंद झाला, म्हणजे काही नाहीच म्हणून! पण पार्किन्सनमध्ये साधा एमआरआय बहुतेक वेळा नॉर्मलच येतो, कारण त्यात मेंदूची बांधणी दिसते आणि इथे संपत असतं ते एक रसायन, डोपामिन. मी हायस्कूलला सायन्स शिकवते, मेंदूचा धडा दरवर्षी शिकवते, पण त्या दिवसापर्यंत स्ट्रायटम हा शब्द मी फक्त वाचला होता. आता सात वर्षं झाली, आणि गावात कुणाचा हात थरथरला की लोक मला विचारायला येतात, म्हणून जेवढं मला नीट कळलंय तेवढं एकदा लिहून ठेवते.

मेंदूच्या अगदी आत, दोन्ही बाजूंना एकेक असा हा स्ट्रायटम असतो. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ पट्टेरी, कारण कापून बघितलं तर करड्या भागातून पांढऱ्या तंतूंचे पट्टे गेलेले दिसतात. थॉमस विलिस नावाच्या इंग्रज डॉक्टरने १६६४ सालच्या पुस्तकात त्याचं वर्णन केलंय. त्याचे तीन भाग लक्षात ठेवले की पुरे. कॉडेट, शेपटीसारखा लांब वळलेला. प्युटामेन, बाहेरच्या बाजूचा, हालचालींचं बरंचसं काम याच्याकडे. आणि खाली पुढच्या बाजूला न्यूक्लियस अक्युम्बेन्स, त्याचा संबंध हवंसं वाटण्याशी, ओढीशी. हे तिन्ही शेजारी आहेत आणि तिघांनाही डोपामिन लागतं, ही गोष्ट पुढे उपयोगी पडणारे.

आता हा स्ट्रायटम करतो काय? मला हे समजलं ते आमच्या खाजनातल्या मानशीमुळे. ज्यांनी खाजन शेती बघितली नसेल त्यांच्यासाठी सांगते, नदीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध घालतात आणि त्या बांधात मानस असते, म्हणजे लाकडी दारं. भरतीला बाहेरचं पाणी चढलं की त्या दाबाने दार मिटतं. ओहोटी लागली की दाब उतरतो आणि आतलं पाणी आपणहून दार लोटून बाहेर जातं. दार उघडायला कुणी ओढत नाही, त्याच्यावरचा दाब तेवढा निघून जातो. (आणि मानस म्हणजे मनाचंही नाव, हे मला फार आवडतं.)

मेंदूत अगदी असंच आहे. हालचालींचे हुकूम मेंदूच्या वरच्या थरातून निघतात आणि थॅलॅमस नावाचं मधलं केंद्र त्यांना जोर देतं. पण या थॅलॅमसवर ग्लोबस पॅलिडस नावाच्या भागाचा सतत दाब असतो, आपण काहीही करत नसतो तेव्हासुद्धा त्याचं थांब, थांब, थांब चालूच असतं. म्हणजे मेंदूत दार मुळात मिटलेलं असतं. कप उचलायचा ठरला की स्ट्रायटममधल्या काही पेशी पॅलिडसला तेवढ्यापुरतं गप्प करतात, दाब उतरतो, आणि कप उचलायची हालचाल वाट मिळून बाहेर पडते. त्याच वेळी स्ट्रायटममधल्या दुसऱ्या पेशी लांबच्या वाटेने जाऊन बाकीच्या हालचालींवरचा दाब वाढवतात, म्हणजे कप उचलताना हात मध्येच डोक्याकडे जात नाही. एक दार उघडायचं आणि शंभर मिटून धरायची, हे काम एका सेकंदात कितीतरी वेळा आणि आपल्याला पत्ताही न लागू देता चालतं.

डोपामिन या दोन्ही तऱ्हेच्या पेशींवर उलट परिणाम करतं, आणि शेवट मात्र एकच होतो. उघडणाऱ्या पेशींवर डी-१ नावाचे रिसेप्टर, म्हणजे डोपामिन येऊन बसायच्या जागा, असतात, त्यांना डोपामिन चेतवतं. मिटवणाऱ्या पेशींवर डी-२ असतात, त्यांना ते शांत करतं. दोन्हीकडून मिळून अर्थ होतो, हो, जाऊ दे. डोपामिन कमी पडलं की उघडणारे हात दुबळे आणि मिटवणारे जास्तच जोरात, म्हणजे कायमची भरती, दार हलतच नाही. बाबांची सही तशी आटत गेली. हाताची ताकद शाबूत होती, अक्षराचा आकार डोक्यात लख्ख होता, पण प्रत्येक पुढच्या अक्षराला परवानगी जरा जरा कमी मिळत होती.

हे डोपामिन येतं कुठून, तर मेंदूच्या देठात सबस्टॅन्शिया नायग्रा नावाचा एक छोटा काळसर भाग आहे तिथल्या पेशींकडून. नावाचा अर्थच काळा पदार्थ. त्या पेशींचे धागे वर स्ट्रायटममध्ये जाऊन एवढे फांदतात की एकेका पेशीच्या दहा लाखांहून जास्त जोडण्या असाव्यात असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे, आणि एवढा पसारा सांभाळायचा म्हणजे सतत ऊर्जा लागणार, बहुतेक त्यामुळेच या पेशी इतरांच्या आधी थकतात असं मानतात. पार्किन्सनमध्ये या पेशी मरत जातात आणि त्यांच्यात अल्फा-सिन्यूक्लीन नावाच्या प्रोटीनच्या गुठळ्या सापडतात, फ्रेडरिक लुई यांनी १९१२ साली अशा गुठळ्या पहिल्यांदा नोंदवल्या म्हणून त्यांना लुई बॉडीज म्हणतात. वाईट भाग असा की हात थरथरायला लागतो तोवर प्युटामेनमधलं अर्ध्याहून जास्त डोपामिन गेलेलं असतं. मेंदू तोपर्यंत कसंबसं भागवत असतो.

आणि तोपर्यंत खुणा मिळत असतात, आपल्याला त्या वाचता येत नाहीत. बाबांना खारे बांगडे भाजले तरी वास यायचा नाही, अख्खं घर घमघमतंय आणि ते आपले पेपर वाचतायत. पोट साफ व्हायचं नाही, त्याची आईला कायम काळजी. आणि झोपेत ते शाळेतल्या पोरांवर ओरडायचे, हात उगारायचे, एकदा आईला जोरात लाथ बसली. स्वप्न पडताना आपलं शरीर एरवी सैल पडून राहतं, तो बंदोबस्त सुटला की माणूस स्वप्न अंगाने जगायला लागतो, आणि हे पार्किन्सनच्या कितीतरी वर्षं आधी सुरू होऊ शकतं. वास जाणं किंवा बद्धकोष्ठ एकेकटं असेल तर त्यावरून कुणी घाबरून जाऊ नका, त्याची शंभर कारणं असतात. पण झोपेतलं हातपाय मारणं मात्र डॉक्टरांना सांगावं.

जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली हा आजार लिहून ठेवला तेव्हा त्यांच्याकडे फक्त ६ माणसं होती आणि त्यातली काही तर त्यांनी रस्त्यावरच बघितलेली. त्यानंतर जवळजवळ दीडशे वर्षं बिघाड नक्की कशात आहे ते कळत नव्हतं. आणि कळलं त्यात आपल्या सर्पगंधेचा हात आहे, हे किती मराठी लोकांना माहीत असेल?

सर्पगंधेचं मूळ आपल्याकडे पूर्वीपासून औषधात. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये ब्लड प्रेशरसाठी तिचा उपयोग छापला आणि जगाचं लक्ष गेलं. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रिसर्पिन हे रसायन वेगळं काढलं. रिसर्पिन घेणाऱ्या काही लोकांच्या हालचाली मंद व्हायच्या, अंग कडक व्हायचं. स्वीडनमध्ये आर्विड कार्लसन यांनी १९५७ साली सशांना रिसर्पिन दिलं, ससे कान टाकून निपचित पडले, मग त्यांना डोपा टोचलं, म्हणजे ज्यापासून मेंदू डोपामिन बनवतो तो कच्चा माल, आणि ससे थोड्याच वेळात उठून फिरायला लागले. तोवर डोपामिन म्हणजे दुसरं रसायन बनवतानाचा एक मधला टप्पा एवढीच त्याची किंमत होती. रिसर्पिन पेशींमधल्या डोपामिनच्या साठवणीच्या पिशव्या रिकाम्या करतं, म्हणून ते ससे तसे पडले होते. मग १९६० साली व्हिएन्नात ओलेह हॉर्निकिएविच आणि त्यांच्या सहकाऱ्याने मृत्यूनंतर काढलेले मेंदू तपासले. डोपामिन असलं की त्या परीक्षेत गुलाबी रंग यायचा, आणि पार्किन्सनच्या रुग्णांच्या स्ट्रायटममध्ये तो रंग जेमतेम दिसला. नुसत्या डोळ्यांनी कळावं इतका फरक! कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं, हॉर्निकिएविच यांना त्यात घ्यायला हवं होतं असं माझं ठाम मत आहे.

डोपामिन थेट गोळीतून देऊन चालत नाही, कारण रक्त आणि मेंदूमधली भिंत त्याला आत सोडत नाही. लेव्होडोपाला, म्हणजे वरच्या त्या डोपाच्याच एका रूपाला, सोडते. मेंदूत शिरल्यावर त्याचं डोपामिन होतं. पण वाटेत शरीरातच बरंचसं लेव्होडोपा डोपामिनमध्ये बदलून वाया जातं आणि मळमळ आणतं, म्हणून जोडीला कार्बिडोपा देतात, जे वाटेतली ही गळती थांबवतं आणि स्वतः मेंदूत शिरत नाही. १९६७ साली अमेरिकेत जॉर्ज कोत्झियास यांनी तोंडाने डोपाचे मोठे डोस हळूहळू वाढवत देऊन दाखवलं की खुर्चीला खिळलेली माणसं उठून चालू शकतात. आजही याहून चांगली गोळी नाही.

आणि हेच लेव्होडोपा खाजकुयलीच्या बियांत असतं! आपल्याकडे रानात, कुंपणावर चढते ती, शेंगेवरच्या लवीला हात लागला की दिवसभर खाज. मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ साली तिच्या बियांतून ते वेगळं काढून छापलं होतं, आयुर्वेदात कंपवातावर ती दिलीच जायची. म्हणून बरेच जण विचारतात, मग गोळ्या कशाला, चूर्णच देतो. अहो, चूर्णातही तेच औषध आहे, म्हणजे त्याचाही डोस होतो, तो प्रत्येक पुडीत सारखा असेल याची खात्री नसते, आणि गोळीवर चूर्ण घेतलं की डबल डोस. घ्यायचंच असेल तर न्यूरोलॉजिस्टला दाखवून घ्या, लपवून घेऊ नका.

गोळीची वेळ हा आमच्या घरातला सगळ्यात मोठा विषय. दुपारी शीत आणि हुमण, म्हणजे भात आणि माशाची आमटी, नसेल तर बाबांना जेवल्यासारखं वाटत नाही, आणि लेव्होडोपा आतड्यातून आत जातं त्याच दरवाजाने माशाच्या प्रोटीनचे तुकडेही आत जात असतात. दोघे एकदम आले की गोळी मागे राहते. मेंदूच्या भिंतीपाशी परत तीच चढाओढ. सुरुवातीला आम्ही गोळी जेवणानंतर द्यायचो, आपल्याकडे सगळ्याच गोळ्या जेवल्यावर घ्यायच्या अशी पद्धत ना, आणि दुपारी तीन वाजता बाबा बाल्कांवात, म्हणजे पुढच्या ओट्यावर, बसले की बसलेच, हाक मारली तरी उठता येईना. डॉक्टरांनी गोळी जेवणाआधी पाऊण तास करायला सांगितली आणि चार दिवसांत फरक दिसला. मासे बंद करायची गरज पडली नाही. फक्त घड्याळ. आता फ्रीजवर कागद लावलाय, सकाळी ७, ११.४५, ४, रात्री ८, आणि आई त्यात पाच मिनिटंही इकडेतिकडे होऊ देत नाही. दुसऱ्या कशासाठी हॉस्पिटलात ॲडमिट व्हावं लागलं तर या वेळा तिथल्या नर्सना पहिल्यांदा सांगा, आणि गोळ्या एकदम बंद कधीच करू नका, त्याने जिवावर बेतू शकतं.

काही वर्षांनी गोळीचा असर लवकर उतरायला लागतो, कधी अंग नको तेवढं वळवळतं. म्हणजे डोपामिन कधी जास्त कधी कमी, दार कधी सताड कधी बंद. त्यावर डोस तोडून देणं, इतर गोळ्या, आणि काही निवडक लोकांना मेंदूत तार घालून करंट द्यायचं ऑपरेशन, जे फ्रान्समध्ये १९८७ साली बेनाबिड यांनी सुरू केलं. ते बाबांना लागलेलं नाही, म्हणून त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही.

आता ओढीच्या भागाकडे येते, कारण व्हॉट्सॲपवर डोपामिन म्हणजे आनंदाचं रसायन असं फिरत असतं ते मला पटत नाही. सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा ऐकू आला की तोंडाला पाणी सुटतं ना, पाव अजून सायकलवर आहे तरी? वोल्फ्रम शुल्ट्झ यांनी माकडांच्या डोपामिनच्या पेशींचे सिग्नल मोजून हेच दाखवलं. अचानक रस मिळाला की पेशी जोरात पेटायच्या. दिवा लागल्यावर रस मिळतो हे माकड शिकलं की मग दिव्यालाच पेटायच्या, रसाला गप्प. आणि दिवा लागून रस आलाच नाही तर नेमक्या त्या क्षणाला थंड पडायच्या. म्हणजे डोपामिन हिशेब ठेवतं, वाटलं होतं त्यापेक्षा जास्त मिळालं की कमी. त्या हिशेबावर स्ट्रायटम शिकतो की हे परत करावं. कधी मिळेल ते कळतच नाही अशा ठिकाणी हा हिशेब कधी मिटतच नाही. पणजीला मांडवी नदीत उभ्या असलेल्या कॅसिनोंमधली मशिनं नेमकी यावरच चालतात.

हे सांगायचं कारण गंभीर आहे. पार्किन्सनमध्ये लेव्होडोपाशिवाय प्रॅमिपेक्सॉल, रोपिनिरॉल अशा गोळ्या देतात, त्या डोपामिनचं सोंग घेऊन रिसेप्टरवर बसतात. प्युटामेनला त्यांची गरज असते, पण गोळी शेजाऱ्यांनाही तेवढीच पोचते, आणि ओढीच्या भागात डोपामिन अजून बरंच शिल्लक असतं, तिथे ते जास्त होतं. अमेरिका आणि कॅनडातल्या ३,०९० रुग्णांची पाहणी २०१० साली छापली गेली, त्यात या गोळ्या घेणाऱ्यांपैकी साधारण १७ टक्के लोकांना जुगार, खरेदी, खाणं किंवा लैंगिक वागणं आवरत नव्हतं, न घेणाऱ्यांत ते प्रमाण साधारण ७ टक्के. आमच्या ओळखीतले एक गृहस्थ, आयुष्यभर पै पै जोडलेली, सत्तरीत मटका खेळायला लागले, बायकोच्या पाटल्या गेल्या तेव्हा घरात कळलं. मुलगे बोलेनासे झाले. गोळी सुरू झाली आणि नाद लागला यात सहा महिन्यांचं अंतर होतं, आणि ते कुणी जोडून बघितलंच नाही. डॉक्टरांनी गोळी हळूहळू कमी केल्यावर नाद उतरला, पण तोवर घरात जे बोललं गेलं ते कोण परत घेणार? घरात कुणाला या गोळ्या सुरू झाल्या तर पैशांवर आणि वागण्यावर प्रेमाने लक्ष ठेवा, आणि लाजून डॉक्टरांपासून लपवू नका.

उलटंही होतं, गोळ्यांमुळेच पार्किन्सनसारखं होतं. शेजारच्या काकींचं चालणं मंदावलं, हात थरथरायला लागला, सगळ्यांनी माझ्याकडे पाठवलं. न्यूरोलॉजिस्टनी घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी आणायला सांगितली. त्यात ॲसिडिटीची एक कॅप्सूल होती, आठ महिने रोज चालू, आणि तिच्यात ॲसिडिटीच्या औषधाबरोबर लेव्होसल्पिराइड. ते डी-२ रिसेप्टरवर बसून डोपामिनला बसूच देत नाही. उलटीची मेटोक्लोप्रामाइड, चक्करीसाठी महिनोन् महिने घेतलेली प्रोक्लोरपेराझिन, सिनॅरिझिन, फ्लुनॅरिझिन, यांनीही वयस्क माणसांत असं होऊ शकतं. काकींची कॅप्सूल बंद केली आणि तीनेक महिन्यांत त्या परत देवळात फुलं घेऊन जायला लागल्या. सगळ्यांचं इतकं पूर्ण उतरतंच असं नाही. मानसिक आजारांवरच्या बऱ्याच गोळ्याही डी-२ च अडवतात, तिथे ती गरज असते, म्हणून त्या कुणीही आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, हात कडक वाटला तर डॉक्टरांना सांगायचं.

दार मिटत नाही असेही आजार आहेत. हंटिंग्टनमध्ये, ज्याचं वर्णन जॉर्ज हंटिंग्टन यांनी १८७२ साली केलं, स्ट्रायटमच्या स्वतःच्याच पेशी मरतात, आणि त्यातही मिटवणाऱ्या पेशी आधी. मग नको त्या हालचाली सुटत राहतात, माणूस नाचल्यासारखा चालतो, पुढे विचार आणि स्वभावही बदलतो. एका जीनमध्ये सीएजी ही अक्षरं जास्त वेळा आलेली असतात, ४० किंवा त्याहून जास्त वेळा असली की आजार होतोच, आणि आईबापांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला शक्यता निम्मी. तो जीन १९९३ साली सापडला. मूळ आजारावर उपाय अजून नाही, पण हालचाली कमी करायला टेट्राबेनाझिन देतात आणि ते काम करतं सर्पगंधेतल्या रिसर्पिनसारखंच, डोपामिनची साठवण रिकामी करून. जे रसायन सशांना पाडतं त्याचाच भाऊ इथे माणसाला जरा स्वस्थ बसू देतो.

याच्याहून आपल्या जवळचा आजार म्हणजे सिडनहॅम कोरिया. माझ्या वर्गातली सातवीतली मुलगी, हातातून पेन पडायचं, तोंड वेडंवाकडं व्हायचं, अक्षर बिघडलं, एक मिनिट स्थिर बसायची नाही. स्टाफरूममध्ये सगळे म्हणाले मुद्दाम करते. घरच्यांनी देवाला गाऱ्हाणं घातलं, कौल लावला. ती झोपली की सगळं थांबतं असं तिची आई म्हणाली, आणि काही महिन्यांपूर्वी घसा दुखून ताप आला होता म्हणाली, तेव्हा मी त्यांना बांबोळीला पाठवलं. घशात स्ट्रेप्टोकोकस जंतू आला की कधी कधी त्याच्याशी लढायला बनलेल्या अँटीबॉडी चुकून स्ट्रायटमच्या भागावरच चाल करतात, ५ ते १५ वर्षांच्या मुलांत, मुलींत जास्त. याच कारणाने हृदयाच्या झडपाही बिघडू शकतात, म्हणून हार्टची तपासणी करायची आणि पेनिसिलिनची इंजेक्शनं दर तीन-चार आठवड्यांनी बरीच वर्षं चालू ठेवायची. तिच्या हालचाली काही महिन्यांत गेल्या. तिला त्या आधी दोनदा वर्गाबाहेर उभं केलेलं होतं, आणि त्यातलं एकदा मी.

पणजीत जुन्या सचिवालयाजवळ आबे फारियांचा पुतळा आहे, झोपत चाललेल्या बाईवर हात पसरून उभे असलेले. कांदोळीत १७५६ साली जन्मलेला हा गोंयकार पॅरिसमध्ये जाऊन सांगत होता की संमोहन करणाऱ्याच्या अंगात काही शक्ती नसते, जे होतं ते समोरच्याच्या अपेक्षेतून, त्याच्या आतून होतं. २००१ साली कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये पार्किन्सनच्या रुग्णांना औषध असू शकेल असं सांगून नुसतं मिठाचं पाणी टोचलं आणि स्कॅनवर बघितलं, तर त्यांच्या स्ट्रायटममध्ये खरोखर डोपामिन सुटलेलं दिसलं. अपेक्षेनेच सुटलं. ते टिकत नाही, त्याने आजार बरा होत नाही, आणि म्हणून कुणी बाबाबुवाने आज बरं वाटलं हे दाखवलं तर त्यावर गोळ्या सोडू नयेत. पण डॉक्टर दोन शब्द धीराचे बोलले की बाबा ओपीडीतून येताना बरे चालतात हे मी स्वतः बघितलंय, आणि ते नाटक नसतं.

चालण्याबद्दल एक सांगायचं राहिलं. डोपामिन सगळ्यात आधी जातं ते प्युटामेनच्या मागच्या भागातून, आणि सवयीने होणाऱ्या, विचार न करता होणाऱ्या हालचाली तिथेच बसलेल्या असतात. लक्ष देऊन केलेल्या हालचालींची वाट वेगळी आहे, ती जास्त दिवस उघडी राहते. म्हणून स्वयंपाकघराच्या दारात बाबांचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, आणि फिजिओच्या सांगण्यावरून मी तिथे लादीवर रंगीत टेपच्या आडव्या पट्ट्या चिकटवल्या तर प्रत्येक पट्टीवर पाय टाकत ते सरळ आत येतात. चालताना त्यांच्याशी बोलायचं नाही, हातात चहाचा कप द्यायचा नाही, कारण लक्षच दुसरीकडे गेलं तर ती वाटही बंद.

ताल हा असाच दुसरा आधार. बाबा घुमट, म्हणजे मातीच्या मडक्याला चामडं ताणून केलेलं वाद्य, वाजवायचे, चवथीला आमच्याकडची आरती त्यांच्याशिवाय सुरू व्हायची नाही. दोन वर्षं त्यांनी घुमट खाली ठेवलं होतं, हात थरथरतो, लोक बघतात म्हणून. पार्किन्सनची थरथर सेकंदाला ४ ते ६ वेळा, आणि बहुतेक वेळा हात स्वस्थ मांडीवर असताना. हात कामाला लागला की ती कमी होते. यंदा चवथीला गोळी आरतीच्या पाऊण तास आधी दिली, भावाने घुमटाच्या जोडीचं शामेळ धरलं, आणि बाबा पाटावर बसले. पहिली आरती मंद गेली. दुसरीला लय चढली तेव्हा डावा हात घुमटाच्या तोंडावर होता आणि तो थरथरत नव्हता. तिसरी वाजवूया का विचारलं तर म्हणाले, नको, साडेआठ वाजले, असर उतरेल.